बंद दरवाज्याआडचा प्रेक्षक : स्वस्तातल्या रक्तपिपासूंचा इतिहास

#धागा #इतिहास #चित्रपट

१/
१९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि पडला. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण'कार बेडेकरच. निर्माते होते फतेहचंद रामसे. आज हा चित्रपट फारसा कुणाच्या स्मरणात नाही. पण तो पडत असताना थिएटरांतल्या अंधारात जे घडले, त्यातून हिंदी भयपटांची एक अख्खी परंपरा उभी राहिली. आजचा धागा त्या परंपरेविषयी आहे, आणि त्याहून अधिक तिच्या प्रेक्षकाविषयी.

२/
चित्रपटात एक प्रसंग आहे. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात. पोलीस गोळ्या झाडतात, पण त्या लागूनही तो अक्राळविक्राळ आकार पुढे चालतच राहतो. तुलसी आणि श्याम या रामसेपुत्रांनी थिएटरात बसून पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की प्रेक्षक तेवढ्याच प्रसंगासाठी येतो, ओरडतो, खुर्चीला घट्ट धरून बसतो, आणि प्रसंग सरला की त्याचा चित्रपटातला जीव जातो. मुलांनी वडिलांना विचारले : मग सबंध चित्रपटच असा का काढू नये?

३/
ही हकीकत रामसे बंधूंनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितली. वारंवार सांगितलेल्या कौटुंबिक आठवणीला थोडी झिलई चढतेच, हे गृहीत धरू. तरीही तिचे महत्त्व उरते. एखाद्या चित्रप्रकाराच्या जन्मकथेत सहसा प्रतिभावान दिग्दर्शक असतो, नाहीतर धाडसी निर्माता. या जन्मकथेचा नायक मात्र प्रेक्षक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडतो तो असा : ज्या चित्रपटांची समीक्षकांनी दखलच घेतली नाही, त्यांच्या प्रेक्षकाला शोधायचे कुठे?

४/
आधी शब्दाचा गुंता सोडवू. 'व्हॅम्पायर'ला मराठीत नेमका शब्द नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेतालकथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध करताना शीर्षकात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' म्हटले आणि घोटाळा करून ठेवला. आपला वेताळ झाडाला लटकतो, प्रेतात शिरतो, राजाला कोडी घालतो; माणसाच्या मानेत सुळे रुतवणे हा काही त्याचा उद्योग नव्हे. मुंजा, समंध, खवीस, हडळ, झोटिंग हे धरतात, झपाटतात, वाट चुकवतात. शवपेटी तर आपल्याकडच्या बहुसंख्यांच्या अंत्यसंस्कारांतच नाही. म्हणजे हे भूत परदेशी. ते इथे आले कसे आणि रुजले कसे?

५/
ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ची. तिच्यावरचा आज सर्वांत नावाजलेला मूकपट म्हणजे मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', १९२२चा. तो काढणारी 'प्राना फिल्म' ही जर्मन कंपनी इतकी तुटपुंज्या भांडवलाची होती की तिच्या हातून हा एकच चित्रपट निघाला. कादंबरीचे हक्क तिने घेतलेच नव्हते. ड्रॅक्युलाचा 'काउंट ऑरलॉक' केला, इतर पात्रांचीही नावे फिरवली, झाले. चित्रीकरणाला कॅमेरा एकच. रक्तपिपासूपट आणि काटकसर यांची सोयरीक अशी पाळण्यातच जमली होती.

६/
स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हिने दावा लावला. कंपनी आधीच दिवाळखोरीत गेलेली. पैसे मिळण्याची आशा नव्हती. १९२५ साली जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. पण प्रती तोवर देशोदेशी पांगल्या होत्या आणि त्यांतल्या काही वाचल्या. कोवळ्या उन्हाने रक्तपिपासू मरतो ही आज सर्वांना पुरातन वाटणारी समजूतही या चित्रपटानेच रूढ केली. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये हिंडतो.

७/
१९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने बेला लुगोसीला घेऊन बोलपट काढला. त्याच दिवसांत त्याच सेटवर रात्रपाळीला दुसरे पथक येई आणि तीच कथा स्पॅनिश भाषेत चित्रित करी. दिवसा इंग्रजी ड्रॅक्युला, रात्री स्पॅनिश. रात्रीच्या पथकाकडे पैसा आणि वेळ दोन्ही कमी. तरीही कॅमेऱ्याच्या हालचालींत आणि दृश्यरचनेत ही स्पॅनिश आवृत्ती सरस आहे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. खर्च आणि गुण यांचे प्रमाण सरळ नसते, याचा इतका चोख पुरावा विरळाच.

८/
मग १९५८. इंग्लंडमधल्या हॅमर या छोट्या कंपनीने थेम्सकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या हवेलीत थाटलेल्या स्टुडिओत चित्रित केलेला 'ड्रॅक्युला' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर; ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंग प्रमुख भूमिकांत. एकाच सेटला रंग, पडदे, जिने बदलून तो दुसऱ्या चित्रपटात वापरायचा, हा तिथला शिरस्ता. नवलाई होती ती रंगाची : कृष्णधवल पडद्यावर काळे दिसणारे रक्त इथे लालभडक दिसले.

९/
सेन्सॉरने 'एक्स' प्रमाणपत्र दिले, म्हणजे केवळ प्रौढांसाठी. ब्रिटिश समीक्षकांपैकी अनेकांनी नाके मुरडली. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. दहा वर्षांनी, १९६८ साली, याच हॅमरला परकीय चलन मिळवून दिल्याबद्दल राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला. ज्या रक्ताने अभिरुची बिघडते म्हणून ओरड झाली, त्याच रक्ताची निर्यात पुढे राष्ट्रसेवा ठरली! समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातली ही दरी या चित्रप्रकाराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

१०/
भारतीय उपखंडातला पहिला ठळक ड्रॅक्युला मुंबईचा नव्हे, लाहोरचा. १९६७ साली ख्वाजा सरफराज यांनी 'जिंदा लाश' हा कृष्णधवल उर्दू चित्रपट काढला. पाकिस्तानात 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसलेला पहिला चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. हॅमरच्या चित्रपटाची छाया त्यावर दाट आहे; मात्र घोडागाडीच्या जागी मोटारगाडी आली आहे, आणि मधूनमधून नाचगाणीही आहेत.

११/
खरी गंमत कथेच्या मुळाशी आहे. शापित सरदार, क्रूस, पवित्र पाणी या सामग्रीला लाहोरात आधार नव्हता. म्हणून 'जिंदा लाश'चा रक्तपिपासू हा प्राध्यापक तबानी नावाचा शास्त्रज्ञ आहे. मृत्यूवर मात करणारे रसायन तो स्वतःवरच आजमावतो, मरतो आणि रक्तपिपासू होऊन उठतो. जीवन-मरण ईश्वराच्या हाती असते, त्यात माणसाने ढवळाढवळ केली तर असे होते, हा अर्थ तिथल्या प्रेक्षकाला विनासायास लागतो. परदेशी भुताला स्थानिक पापाची जोड मिळाली की ते स्थानिक होते. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१२/
आता मुंबईकडे. रामसे हे मूळचे कराचीचे रामसिंघानी. फाळणीनंतर मुंबईत येऊन फतेहचंदांनी लॅमिंग्टन रोडवर विजेच्या उपकरणांचे दुकान थाटले आणि कमाई चित्रपटांत घातली. मुलगे सात. घरातल्या घरातच खाती वाटली गेली : कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मिती-छायाचित्रणाला, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. वडिलांनी मुलांना काश्मीरच्या हाउसबोटीवर नेऊन छायाचित्रणाच्या एका इंग्रजी पुस्तकावरून शिकवणी दिली, असेही हे बंधू सांगत. सुताराच्या किंवा सोनाराच्या घरी हुन्नर जसा चालत येतो, तसा इथे भयपट चालला.

१३/
१९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. चित्रीकरण महाबळेश्वरला. मोठा नट नाही, स्टुडिओचे भाडे नाही; सरकारी विश्रामगृहात मुक्काम, घरच्याच बायकांच्या हातचे जेवण आणि थोडक्या दिवसांत काम फत्ते. या मितव्ययाचा परिणाम पडद्यावर दिसतो. सेट नसल्यामुळे खरे धुके, खरे जुने बंगले, खऱ्या ओसाड वाटा आल्या. सह्याद्रीतल्या थंड हवेच्या ठिकाणांना हिंदी चित्रपटात जी भुताळी छटा चिकटली, तिच्यामागे निर्मात्याचा हिशेबही आहे.

१४/
तुलसी-श्याम जोडीचे सर्वांत मोठे यश म्हणजे १९८४चा 'पुराना मंदिर'. सामरी नावाच्या नराधमाचा शिरच्छेद होतो. मरताना तो राजघराण्याला शाप देतो की या वंशातल्या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी मरतील. दोनशे वर्षांनंतरची नायिका या शापाखाली जगते आहे. सामरी झाले होते अनिरुद्ध अग्रवाल. शिक्षण रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकीचे, उंची भरपूर आणि चेहरा असा की रंगभूषेला अर्धेच काम उरावे. अखेर या सैतानाला त्रिशूळ रोखतो. लाहोरला रसायन सापडले, मुंबईला त्रिशूळ.

१५/
मात्र रामसेंचा अस्सल रक्तपिपासूपट म्हणजे १९९०चा 'बंद दरवाजा'. निपुत्रिक ठाकूर दुसरे लग्न करील या धास्तीने ठकुराईण दासीच्या सल्ल्याने काली पहाडीवरच्या 'नेवला'कडे जाते. अट अशी : मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर नेवलाची. मुलगी होते. वटवाघळाचे रूप घेणारा, शवपेटीत निजणारा नेवला पुन्हा अनिरुद्ध अग्रवालच. त्याला संवाद जवळजवळ नाहीत. त्याचे नुसते उभे राहणे पुरते.

१६/
इथे थोडे थांबू या. स्टोकरच्या कादंबरीतली भीती परक्याची आहे : पूर्वेकडचा कुणी सरदार लंडनमध्ये घर घेतो आणि इंग्रज स्त्रियांना बाटवतो. 'बंद दरवाजा'त परका कुणी येतच नाही. घरातलीच बाई पहाड चढून त्याच्याकडे जाते, कारण वंशाला दिवा नाही. मूल होईना म्हणून नवस, गंडेदोरे, बुवाबाबा, सवतीची धास्ती, 'मुलगी झाली तर देऊन टाकू' हा करार. सुळे परदेशी आहेत, पण ते ज्या जागी रुततात ती जखम आपलीच आहे. हा चित्रपट कुठल्या सुधारणेचा प्रचार करत नाही. स्त्रीदेहाचे प्रदर्शन तर त्यात भरपूर आहे. तरीही त्याची भीती कुठून येते, हे तालुक्याच्या गावी बसलेल्या बाईला समजावून सांगावे लागत नव्हते.

१७/
आता प्रेक्षक. हे चित्रपट मुख्यतः छोट्या शहरांतल्या आणि निमशहरी भागांतल्या एकपडदा थिएटरांवर जगले. धंद्याच्या भाषेत 'बी' आणि 'सी' केंद्रे. या भाषेतच एक प्रतवारी दडली आहे : चित्रपट 'बी', केंद्र 'सी', आणि मग ओघानेच प्रेक्षकही खालच्या प्रतीचा. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या समीक्षकांना त्यांची दखल घेण्याजोगी वाटली नाही. सेन्सॉर मंडळाने बहुतेकांना 'ए' प्रमाणपत्र दिले आणि कात्रीही चालवली. म्हणजे प्रेक्षकाविषयी लिहिणाऱ्या दोन्ही संस्थांनी त्याच्याकडे एकतर दुर्लक्ष केले, नाहीतर त्याला बिघडण्याच्या बेतात असलेले मूल समजले.

१८/
मग पुरावा कुठे? माझ्या मते तो चित्रपटांच्या बांधणीतच आहे. रामसेपट पाहताना क्रम बघा : भयप्रसंग, मग विनोद, मग गाणे, पुन्हा भय. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप हे 'शोले'चे विडंबन करणारे स्वतंत्र उपकथानक चालवतात. 'बंद दरवाजा'त जॉनी लिव्हर आहेत. आजचा प्रेक्षक म्हणतो, यामुळे भीतीचा रसभंग होतो. पण ही रचना एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्यासाठी नव्हतीच. शेकडो माणसे एकत्र ओरडतात, मग ओरडल्याबद्दल एकमेकांना हसतात, मग सैलावतात, आणि मगच पुढच्या धक्क्याला तयार होतात. कीर्तनकार निरूपणात मध्येच हशा पिकवतो, तमाशात वगाआधी बतावणी रंगते. आपल्या प्रेक्षकाला हा चढउतार नवा नव्हता.

१९/
म्हणून 'लोक तेव्हा खरेच घाबरायचे आणि आता हसतात' हे सरधोपट विधान इतिहासाला धरून नाही. लोक तेव्हाही हसत. हशाची जागा मात्र ठरलेली होती, आणि ती दिग्दर्शकाने मोजून दिलेली होती. बदलले ते हसण्याचे लक्ष्य.

२०/
हा बदल कसा झाला? ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरात आली, नव्वदीत केबल आली. १९९३ साली रामसेंचाच 'झी हॉरर शो' छोट्या पडद्यावर सुरू झाला. थिएटरात न गेलेल्या मध्यमवर्गीय घरांतली मुले आता पांघरुणाआडून हे पाहू लागली. पुढे तीच मुले मोठी झाली, हॉलिवूडचे तंत्र त्यांच्या नजरेत भरले, आणि रबरी मुखवटा, निळा प्रकाश, किंचाळणारे पार्श्वसंगीत हा थट्टेचा विषय झाला. 'रामसेछाप' हे विशेषण झाले आणि ते कौतुकाचे नव्हते.

२१/
असे केवळ आपल्याकडेच घडले नाही. एड वूडचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' पाहा. बेला लुगोसी १९५६ साली वारले. त्यांची हाताशी असलेली थोडी दृश्ये घेऊन उरलेल्या भागात दुसऱ्याच माणसाला डगल्याने तोंड झाकून उभे केले गेले. १९८० साली एका अमेरिकी पुस्तकाने वाचकांच्या मतांवरून त्याला 'आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट' ठरवले. झाले उलटेच : लोक तो मुद्दाम शोधून पाहू लागले. 'वाईट' या किताबानेच तो वाचला.

२२/
पण हसण्या-हसण्यात फरक आहे. एक हसू सोबत्याचे असते : चारजण जमून, प्रत्येक चूक पाठ असलेला चित्रपट पुन्हा पाहतात, त्या हसण्यात जिव्हाळा असतो. दुसरे हसू पायरी दाखवणारे असते : 'असले पाहून कुणी घाबरायचे?' या प्रश्नातला 'कुणी' म्हणजे पिटात बसलेला, कमी शिकलेला, तिकिटाचे पैसे मोजून आलेला माणूस. हे दुसरे हसू चित्रपटाला लागत नाही, त्या माणसाला लागते. आणि त्याने काय पाहिले हे आपण कधी विचारलेलेच नसते. वंशासाठी मुलीचा सौदा करणारे घर त्याला दिसले असेल, तर मुखवटा रबराचा होता हे त्यालाही दिसतच होते. मुखवटा खोटा असल्याने भीती खोटी ठरत नाही. दशावतारातला राक्षसही रंगवलेलाच असतो.

२३/
या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे : जतनाची. न्यायालयाने मारलेला 'नोस्फेराटू' पांगलेल्या प्रतींमुळे जगला. हॅमरच्या 'ड्रॅक्युला'तली सेन्सॉरने कापलेली दृश्ये २०११ साली टोकियोच्या चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या जपानी प्रतीत सापडली. 'जिंदा लाश', 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' यांच्या डीव्हीडी एका ब्रिटिश कंपनीने काढल्या, परदेशी चाहत्यांसाठी. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण काय जपावे हे अखेर समाजाच्या आदरावर ठरते. ज्याला आपण हसण्यावारी नेतो, त्याची मूळ प्रत गोदामात सडली तरी कुणी विचारत नाही.

२४/
चित्रपटाची रिळे तरी कुठेतरी सापडतील. प्रेक्षकाच्या आठवणीची दुसरी प्रत नसते. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. 'दो गज जमीन के नीचे' तरुणपणी पाहिलेला प्रेक्षक आज सत्तरीत आहे. ज्या एकपडदा थिएटरांत तो ओरडला, त्यांतली कितीतरी बंद पडली; कुठे मंगल कार्यालय झाले, कुठे मॉल, कुठे नुसतेच कुलूप. त्या अंधारात बायका कुठे बसत, मध्यंतरात काय बोलणे होई, घरी परतताना वाटेतल्या कुठल्या झाडाखालून लोक पाय उचलत, हे कुठल्याही संग्रहालयात नोंदलेले नाही.

२५/
तेव्हा वाचकहो, या धाग्याचा शेवट तुमच्या हाती. घरातल्या कुणी वडीलधाऱ्यांनी असे चित्रपट थिएटरात पाहिले असतील तर त्यांना विचारा : गाव कोणते, थिएटर कोणते, खेळ कितीचा, बरोबर कोण होते, आणि नेमकी भीती कशाची वाटली? उत्तर जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. ऐकताना हसू आले तर अवश्य हसा, पण त्यांच्यासोबत. पन्नास वर्षांपूर्वी दोन भावांनी थिएटरात बसून प्रेक्षकाकडे पाहिले, म्हणून ही परंपरा जन्मली. इतिहास लिहायचा तर आपल्यालाही पडद्याकडे पाठ करून त्याच्याकडेच पाहावे लागेल.

(धागा समाप्त)